रुपयातला एक आणा मैदानासाठी

माझी नात तिसरीत आहे. तिच्या शाळेचे वेळापत्रक आमच्या फ्रिजवर चिकटवलेले असते. आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे समोर तक्ता दिसला की तो वाचून पडताळून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. या तक्त्यात मंगळवारी पाचवा आणि शुक्रवारी सातवा तास ‘पीटी’चा आहे. मध्यंतरी एका शुक्रवारी मी तिला आणायला गेलो होतो. घरी येता येता सहज विचारले, ‘‘आज पीटीला काय खेळलात?’’

‘‘आजोबा, पीटी नव्हती. गणिताचं रिव्हिजन होतं.’’

‘‘आणि मंगळवारी?’’

‘‘मंगळवारी ग्राऊंडवर मंडप होता ना! बाईंनी डोकं खाली ठेवून बसायला सांगितलं.’’

त्या दिवसापासून मी जुन्या सवयीने एका वहीत खूण करू लागलो. पीटी झाली की बरोबरची, नाही झाली की फुलीची. दोन-तीन महिन्यांनी वही पाहिली तर फुल्याच जास्त होत्या. कधी गॅदरिंगची तालीम, कधी चाचणी, कधी पाऊस, कधी शिष्यवृत्तीचा जादा तास. कारण दर वेळी पटण्यासारखे. बँकेत तपासणी अधिकारी अचानक शाखेत आला की आधी वही उघडत नाही, आधी तिजोरीतली रोकड मोजतो. वहीतली शिल्लक आणि तिजोरीतली शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्याला ठाऊक असते. आपल्या प्राथमिक शाळांमधल्या शारीरिक शिक्षणाची नोंद वहीत चोख आहे. तिजोरी मात्र कोणी उघडून पाहत नाही.

यात एका शाळेला दोष देण्यात अर्थ नाही. ओळखीपाळखीच्या घरांत, कामोठ्यापासून खारघरपर्यंत आणि जुन्या पनवेलपासून करंजाड्यापर्यंत, जिथे जिथे विचारले तिथे थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळाले. जे सगळीकडे सारखेच घडते, त्याचे कारण माणसांपेक्षा व्यवस्थेत शोधायला हवे.

कायद्यात न सापडणारा शिक्षक

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळेत काय काय असलेच पाहिजे, याची यादी त्याच्या परिशिष्टात दिली आहे. त्यात मैदान आहे, खेळाचे साहित्यही आहे. आता शिक्षकांचे कलम पाहा. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभरावर असेल तर, कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असे म्हटले आहे. पहिली ते पाचवीसाठी मात्र मुलांच्या संख्येनुसार किती शिक्षक हवेत, एवढेच सांगितले आहे. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचा तिथे उल्लेखच नाही. म्हणजे सहा ते दहा या वयात, जेव्हा मूल धावायला, उडी मारायला, फेकायला, झेलायला, तोल सांभाळायला शिकते, नेमक्या त्याच वयासाठी कायद्याने शिक्षक मागितलेला नाही. मैदानाबाबतही तसेच. मैदान असावे असे परिशिष्ट म्हणते, ते केवढे असावे हे सांगत नाही.

मग हा तास घेतो कोण? वर्गशिक्षकच. त्याच बाई मराठी शिकवतात, गणित शिकवतात, खिचडीवर देखरेख करतात, ऑनलाइन माहिती भरतात आणि निवडणुकीचे कामही करतात. बालभारतीने या वर्गांसाठी ‘खेळू, करू, शिकू’ नावाचे पुस्तक काढले. हेतू उत्तम होता. पण खेळ पुस्तकातून वाचून मुलांना खेळवायचा तर त्यासाठी मोकळा वेळ, मोकळी जागा आणि मोकळे मन लागते. ते बाईंनी आणायचे कुठून?

एका शिक्षिकेला मी याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘काका, चाळीस पोरं मैदानावर सोडली आणि एकाचा गुडघा फुटला, तर संध्याकाळी पालक माझ्यासमोर उभे. त्याच तासाला गणित घेतलं तर कुणी काही विचारत नाही.’’

हे ऐकले आणि मला आमचे बँकेतले दिवस आठवले. दिलेले कर्ज बुडाले की मॅनेजरची चौकशी होते. न दिलेल्या कर्जाची कधीच चौकशी होत नाही. एखाद्या होतकरू माणसाला आपण परत पाठवले, त्याचा धंदा उभा राहिला नाही, हे नुकसान कुठल्याच वहीत लिहिले जात नाही. म्हणून काही न करणे नेहमी सुरक्षित असते. खेळाच्या तासाचेही तसेच झाले आहे. फुटलेला गुडघा दिसतो. न धावलेले मूल कोणाला दिसत नाही. त्याचा हिशेब पंचवीस-तीस वर्षांनी, एखाद्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात लागतो.

भातशेती गेली, तिच्याबरोबर मैदानही

आमच्या लहानपणी पीटीचा तास बुडाला म्हणून कोणाचे अडत नव्हते, हेही कबूल करायला हवे. पनवेल तेव्हा लहान गाव होते. नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक, पण वस्ती आटोपशीर. भात कापणी झाली की गावाभोवतालची सगळी शेते आमची मैदाने. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, लंगडी यांना ना फी होती ना गणवेश. शाळेत चालत जायचे आणि चालत यायचे. शरीराचे शिक्षण शाळेबाहेर फुकट होत होते, म्हणून शाळेत ते झाले नाही तरी चालून जात होते.

ती शेते आता नाहीत. १९७० साली सिडको आली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर अशी एकामागून एक नगरे उभी राहिली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. विमानतळासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी सपाट झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी पहिली विमाने उडाली. या प्रगतीबद्दल कुरकुर करण्याचा माझा स्वभाव नाही. तिच्यामुळे अनेक घरांत दोन पैसे आले. पण या जमाखर्चात एक रक्कम लिहायची राहून गेली. शेताबरोबर मुलांचे फुकटचे मैदान गेले, आणि त्याची भरपाई कोणत्याच पॅकेजमध्ये नव्हती.

नव्या नगरांच्या नकाशात मैदाने आहेत, बागाही आहेत. पण सोसायटीच्या फाटकापासून मैदानापर्यंतचा रस्ता आठ वर्षांच्या मुलाने एकट्याने ओलांडावा असा राहिलेला नाही. सोसायटीच्या आवारात गाड्या उभ्या असतात, आणि ‘येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे’ ही पाटी तर घरोघरच्या तुळशीसारखी झाली आहे. ज्यांना परवडते ते मुलांना महिन्याची फी भरून अॅकॅडमीत घालतात. बाकीच्यांची मुले गॅलरीत बसून मोबाईलवर क्रिकेट खेळतात. वडाळे तलावाकाठी मी पहाटे फिरायला जातो, तिथे बहुतेक सगळी माझ्यासारखी साठीची माणसे असतात. डॉक्टरांनी सांगितल्यावर चालायला लागलेली. ज्या वयात पळायला हवे त्या वयाची मुले त्या वेळी स्कूलबसमध्ये पेंगत असतात.

मैदानाविना शाळा असू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये हरियाणातल्या एका गावाच्या प्रकरणात स्पष्ट केले आणि तिथल्या शाळेच्या मैदानावरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. निकाल चांगलाच आहे. पण आमच्याकडे प्रश्न अतिक्रमणाइतका सरळ नाही. इथे मैदान असते, त्यावर कुलूपही असते, आणि किल्ली कोणाकडे आहे हे मुलांना ठाऊक नसते.

एकाच तालुक्यातली दोन बालपणे

‘मुले खेळत नाहीत’ असे सरसकट म्हणणेही चुकीचे ठरेल. कर्नाळ्याच्या आणि प्रबळगडाच्या पायथ्याशी असलेल्या ठाकूर-कातकरी वाड्यांमधली मुले आजही शाळेसाठी मैलभर चालतात, झाडावर चढतात, पाण्यात डुंबतात. त्यांना व्यायाम शिकवायला कोणी नको. त्यांना हवे आहे पोटात अन्न. प्राथमिकच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे पोषण आहार योजनेचे प्रमाण आहे. कित्येक घरांसाठी दिवसातले नीट जेवण तेच असते. तिथे शारीरिक शिक्षणाची सुरुवात ताटापासून करावी लागेल.

आणि महामार्गाच्या अलीकडे, उंच इमारतींमध्ये, नेमके उलटे. डब्यात बिस्किटे, बाटलीत सरबत, संध्याकाळी दोन क्लास, रात्री अकराला झोप. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची देशव्यापी पाहणी केली. शाळकरी वयाच्या साधारण दहांतल्या एका मुलाची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे तीत आढळले. त्याच पाहणीत पाच ते नऊ या वयाची पाचांतली एकाहून अधिक मुले खुरटलेलीही निघाली. एकाच देशात, एकाच तालुक्यात, कधी कधी एकाच वर्गात ही दोन्ही मुले शेजारी बसतात.

शासनाला हे कळत नाही असे नाही. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, हे तर २०१५ पासून सांगितले जात आहे. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावायला सांगितले. निर्णय योग्यच आहेत. पण प्रत्येक निर्णयात मुलाचे शरीर ही सांभाळायची, जपायची, वाचवायची वस्तू आहे. ते वापरायचे कसे, हे शिकवण्याचा वेळ मात्र कोणी वाढवला नाही.

तालमीपासून कवायतीपर्यंत

आपल्या भागाला हा विषय परका नाही. पनवेलजवळच्या शिरढोणला १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत तयार झाले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखवली. घाट चढून गेले की लोणावळ्याला १९२४ सालचे कैवल्यधाम आहे, जिथे स्वामी कुवलयानंदांनी योगाला प्रयोगशाळेत नेले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. ज्या मातीने एवढे दिले, तिथल्या तिसरीतल्या मुलीला आठवड्यातून दोनदा पळायला मिळू नये, याची खंत वाटते.

जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून मुलांना प्राथमिक स्वरूपाचे सैनिकी प्रशिक्षण देण्याचा मनोदय जाहीर केला. शिस्त, देशप्रेम आणि व्यायामाची सवय हा त्यामागचा हेतू त्यांनी सांगितला, आणि त्यासाठी माजी सैनिक व क्रीडाशिक्षकांची मदत घेण्याचे ठरवले. हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. माजी सैनिकांबरोबर मी बँकेत काम केले आहे. त्यांच्यासारखी वेळ पाळणारी माणसे मी फार थोडी पाहिली.

तरीही एक शंका राहते. सहा वर्षांच्या मुलाला रांगेत स्थिर उभे राहणे शिकवण्याआधी हलायला शिकवले पाहिजे. सावधान-विश्राममध्ये चाळीस मुले एकाच वेळी एकच हालचाल करतात आणि चुकणाऱ्याकडे सगळे पाहतात. खेळात प्रत्येक जण आपापल्या परीने धडपडतो, पडतो, भांडतो, नियम ठरवतो, पुन्हा खेळतो. लगोरी रचताना जे सहकार्य शिकता येते ते हुकुमावरून शिकता येत नाही. कवायत पुढच्या वर्गांत जरूर यावी. पण ज्या वर्गांसाठी कायद्याने खेळाचा शिक्षकच दिलेला नाही, तिथे आधी ती जागा भरावी, मग वरचा मजला बांधावा.

पंधरा मिनिटांचा हिशेब

शिक्षक नेमायला पैसे लागतात, मैदानाला जमीन लागते, आणि या दोन्ही गोष्टी उद्या मिळणार नाहीत. तोपर्यंत काय? स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग गावच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिका एलेन वायली यांच्या लक्षात आले की आपली मुले थोडे पळूनही धापा टाकतात. त्यांनी रोज पंधरा मिनिटे मुलांना शाळेभोवती पळायला किंवा चालायला पाठवायला सुरुवात केली. कपडे बदलायचे नाहीत, साहित्य लागत नाही, शर्यत नाही, पहिला नंबर नाही. मैत्रिणीशी गप्पा मारत पळाले तरी चालते. ही कल्पना पुढे अनेक देशांत गेली आणि मुलांचा दम वाढल्याचे अभ्यासांतही दिसले. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज दोन तास उजेडात, घराबाहेर असावे असा आग्रह धरला तो चष्म्यासाठी. तिथे वर्षानुवर्षे वाढत चाललेले अधू दृष्टीचे प्रमाण त्यानंतर उतरू लागले.

आता आपला हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शाळा भरली पाहिजे. रोज पंधरा मिनिटे म्हणजे २०० दिवसांत ३,००० मिनिटे, म्हणजेच ५० तास. आठशेतले पन्नास म्हणजे सोळावा हिस्सा. जुन्या भाषेत सांगायचे तर रुपयातला एक आणा. पंधरा आणे पुस्तकाला, एक आणा शरीराला. हा सौदा कोणत्याही पालकाला महाग वाटू नये. जागतिक आरोग्य संघटना या वयाच्या मुलांना रोज सरासरी एक तास चांगली हालचाल हवी असे सांगते. एक आण्यात ती गरज भागणार नाही, पण तिचा पाव हिस्सा शाळेतच पुरा होईल. उरलेला घराने आणि वस्तीने भरावा.

हा एक आणा द्यायला मोठे मैदान लागत नाही, शाळेचे आवार पुरते. वेगळा शिक्षकही लागत नाही, वर्गाच्या बाई मुलांबरोबर चालल्या तर त्यांचेही भले होईल. पावसाळ्यात व्हरांड्यात सूर्यनमस्कार घालता येतात. ज्या मुलाला पळता येत नाही ते आपल्या चालीने, आपल्या काठीने किंवा चाकाच्या खुर्चीने तेवढा वेळ बाहेर येऊ शकते. आणि मुली. चौथी-पाचवीत आल्या की त्या हळूहळू मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहतात, मुलगे मधली जागा व्यापतात, आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. सगळा वर्ग एकत्र पळतो तेव्हा कडेला उभे राहायला जागाच उरत नाही.

यात एक अट मात्र पालकांकडून हवी. गुडघा फुटला तर शाळेच्या फाटकावर भांडायला जायचे नाही. मुलाला हळद लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवायचे. त्या शिक्षिकेच्या मनातली भीती आपणच घातलेली आहे, ती आपणच काढली पाहिजे.

सरकारी आणि अनुदानित शाळांत कायद्यानेच शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. या बैठकांत आपण बसची फी विचारतो, निकालाची तारीख विचारतो. पुढच्या बैठकीत एवढाच प्रश्न विचारावा : गेल्या आठवड्यात आमची मुले किती मिनिटे पळाली? उत्तर लिहून घ्यावे आणि महिन्याने पुन्हा विचारावे. ज्याची विचारणा होते त्याची नोंद खरी होऊ लागते, हे मी बँकेत शिकलो.

आमच्यापुरते सांगायचे तर सूनबाईंनी शनिवारचा एक क्लास बंद केला. त्या वेळात मी नातीला आणि तिच्या इमारतीतल्या पाच-सहा मैत्रिणींना घेऊन जवळच्या मोकळ्या भूखंडावर जातो. तिथे अजून इमारत उठलेली नाही. सात दगड गोळा करून मी त्यांना लगोरी शिकवली. पहिल्या दिवशी एकीचा गुडघा फुटला. तिच्या आईने काही म्हणण्याआधी तीच म्हणाली, ‘‘आजोबा, पुढच्या शनिवारी पण यायचं ना?’’

भूखंडावर पाटी लागली आहे. बांधकाम सुरू व्हायला किती दिवस आहेत ते मला माहीत नाही. तोवर आम्ही खेळून घेतो आहोत.